कोयनेचे पाणी कुठे जाते?

सुट्टीत आम्ही एस.टी.ने कराडहून चिपळूणला मावशीकडे गेलो. पाटणच्या पुढे आजी गप्प झाली. मग म्हणाली, "माझं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं रे." पुढे कुंभार्ली घाट लागला. मला मळमळले. घाटाखाली पोफळी आली.

मी मावशीच्या घरी काकांना विचारले, "धरणाचं पाणी कुठे जातं?" ते म्हणाले, "बोगद्यातून पोफळीला येतं. त्यावर वीज होते. मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं."

कोयना नदी मात्र कराडला कृष्णेला मिळते. ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. एका नदीचे पाणी दोन समुद्रांना!

आता घरी दिवा लावला की मला आजीचे माहेर आठवते. म्हणून मी दिवा उगाच चालू ठेवत नाही.

(इयत्ता चौथी)