उत्तरेची वाट

कॅनडा देशाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील डॉसन या लहानशा गावाजवळून एक खडीचा रस्ता उत्तरेकडे निघतो. पर्वत, नद्या आणि ओसाड माळ ओलांडीत तो सुमारे ७४० किलोमीटरांवरील इनुविक या गावी पोहोचतो. या रस्त्याला डेम्प्स्टर महामार्ग म्हणतात. तो १९७९ साली वाहतुकीस खुला झाला. २०१७ साली इनुविकपासून पुढे टुक्टोयाक्टुक गावापर्यंत रस्ता तयार झाला आणि प्रवाशांना थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत मोटारीने जाणे शक्य झाले.

सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी आणि त्याची छायाचित्रे टिपण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येथे येतात. प्रारंभीच टूमस्टोन पर्वताचे काळेकभिन्न सुळके आकाशात घुसलेले दिसतात. पुढे वृक्ष हळूहळू खुजे होत जातात आणि अखेर नाहीसे होतात. मग उरतो तो केवळ टुंड्राचा अफाट माळ. शेवाळ, दगडफूल आणि वीतभर उंचीची झुडपे एवढीच काय ती तेथील वनश्री! परंतु ऑगस्टच्या अखेरीस हाच माळ लाल, केशरी आणि पिवळ्या रंगांनी असा काही पेटून उठतो की, पाहणाऱ्याची दृष्टी खिळून राहते. उन्हाळ्यात इनुविक येथे सुमारे आठ आठवडे सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री क्षितिजालगत रेंगाळणाऱ्या त्या सूर्याच्या तिरप्या किरणांनी प्रत्येक टेकडीची सावली लांबच लांब पडते.

अशा या रम्य वाटेला डेम्प्स्टर हे नाव कसे पडले, ही कथा मात्र करुण आहे.

रस्ता होण्यापूर्वी हिवाळ्यात पोलीस दलाचे शिपाई डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन या दोन ठाण्यांच्या दरम्यान टपाल घेऊन जात. कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्या हेच त्यांचे वाहन. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड हे तीन सोबत्यांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. हा प्रवास विक्रमी वेळात पुरा करावा, अशी त्यांची मनीषा होती. ओझे हलके असावे म्हणून त्यांनी अन्न बेताचेच बरोबर घेतले. वाट दाखविण्याचे काम त्यांच्यापैकी कार्टर यांच्याकडे होते. पण त्यांनी तो मार्ग पूर्वी एकदाच, आणि तोही उलट दिशेने, पाहिला होता. त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ग्विचिन लोकांपैकी एक वाटाड्या प्रारंभी काही दिवस त्यांच्याबरोबर होता. परंतु नववर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यालाही त्यांनी परत पाठविले.

पुढे थंडी उणे ४५ अंशांच्याही खाली उतरली. ज्या ओढ्याच्या काठाने वळावयाचे, तो ओढाच कार्टर यांस सापडेना. कित्येक दिवस शोधण्यात गेले. जानेवारीच्या मध्यास फिट्झजेराल्ड यांनी आपल्या रोजनिशीत शिल्लक अन्नाची नोंद केली. दहा पौंड पीठ, आठ पौंड खारविलेले मांस आणि थोडी सुकी मासळी, एवढेच उरले होते. तेव्हा कुठे ते माघारी वळले. पण फार उशीर झाला होता. भुकेपोटी त्यांना आपली कुत्री एकामागून एक मारून खावी लागली.

फेब्रुवारी उजाडला तरी टपाल आले नाही, म्हणून डॉसनचे लोक चिंतेत पडले. त्या महिन्याच्या अखेरीस विल्यम डेम्प्स्टर हे पोलीस अधिकारी शोधार्थ निघाले. त्यांच्याबरोबर ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांना चौघांचेही देह बर्फात आढळले. त्यांपैकी फिट्झजेराल्ड आणि कार्टर फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या ४० किलोमीटरांवर होते! ते सारे शूर होते, कष्टाळू होते. उणीव धैर्याची नव्हती. उणीव पूर्वतयारीची होती. या दुर्घटनेनंतर त्या वाटेवर ठिकठिकाणी अन्नाचे साठे ठेवण्यात आले आणि ग्विचिन वाटाड्यांची सोबत घेण्याचा परिपाठ पडला.

आज त्या भागातून मोटारी धावतात. तथापि भूमी तीच आहे आणि तिचे नियमही तेच आहेत. म्हणून सुज्ञ प्रवासी घरून निघण्यापूर्वीच आपल्या प्रवासाचा बारकाईने विचार करतो.

पहिला विचार ऋतूचा. पील आणि मॅकेंझी या दोन मोठ्या नद्या वाटेत आडव्या येतात आणि त्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात मोटारी तरीतून पलीकडे नेतात, तर हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच वाट काढलेली असते. परंतु बर्फ धरू लागते तेव्हा आणि ते फुटू लागते तेव्हा काही आठवडे यांपैकी काहीच चालत नाही आणि रस्ता बंद पडतो. मध्यरात्रीचा सूर्य पाहावयाचा असेल तर जूनमध्ये जावे, पण मग डासांचे थवे सोसण्याची तयारी हवी. रंगीत माळ हवा असेल तर ऑगस्टची अखेर उत्तम. ध्रुवीय प्रकाशाची हिरवी वलये हवी असतील तर अंधाऱ्या रात्रीच पाहिजेत. त्या उन्हाळ्यात मिळत नाहीत. एकाच फेरीत सर्व काही पाहण्याचा हव्यास धरणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

दुसरा विचार रस्त्याचा. तेथील जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. तिला ऊब लागली तर ती वितळून खचेल, म्हणून तिच्यावर खडीचा जाड थर घालून त्यावरून रस्ता नेला आहे. खडीचे धारदार दगड चाके फाडतात. यास्तव जाणते प्रवासी एक सोडून दोन जादा चाके घेतात. महामार्गाच्या आरंभापासून ३६९ किलोमीटरांवर ईगल प्लेन्स येथे पेट्रोल मिळते. तोवर वाटेत गाव नाही, दुकान नाही, आणि फोनही लागत नाही. म्हणून अन्न, पाणी, उबदार कपडे आणि इंधन गरजेपेक्षा अधिकच असावे. आपण कोणत्या दिवशी परतणार, हे एखाद्या विश्वासू माणसास सांगून ठेवणे तितकेच महत्त्वाचे.

तिसरा विचार कॅमेऱ्याचा. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची शक्ती झपाट्याने उतरते. म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. थंडगार कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला, तर हवेतील बाष्प त्यावर थिजते आणि भिंगावर दव साचते. म्हणून खोलीत शिरण्यापूर्वीच तो पिशवीत घट्ट बंद करतात आणि हळूहळू ऊब घेऊ देतात. रात्रीच्या चित्रासाठी भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही, म्हणून तिपाई हवी.

चौथा विचार तेथील रहिवाशांचा. अस्वले आणि कॅरिबू हरणांचे कळप हे त्या प्रदेशाचे जुने रहिवासी होत. चांगल्या चित्राच्या लोभाने अस्वलाच्या जवळ जाणे प्राणावर बेतू शकते, आणि कळप बिथरला तर त्याची वाट मोडते. दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग याचसाठी असते. तेथील माणसांची गावे हीदेखील प्रदर्शनाची वस्तू नव्हेत. त्यांची छायाचित्रे त्यांची अनुमती घेऊनच काढावीत. पुढची वाट कशी आहे, नदी उतरली की चढली, हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. फिट्झजेराल्ड यांच्या तुकडीने जे ज्ञान अर्ध्या वाटेवरून परत पाठविले, ते आजचा प्रवासी दोन शब्द नम्रपणे विचारून मिळवू शकतो.

फोर्ट मॅकफर्सन येथे त्या चौघांची समाधी आहे. महामार्गाने जाणारे कित्येक प्रवासी तेथे क्षणभर थांबतात. मागे त्यांनी पाहिलेले पर्वत असतात, पुढे समुद्राकडे जाणारी वाट असते. त्या वाटेवरील सौंदर्य सर्वांसाठी खुले आहे. मात्र ते डोळे भरून पाहून सुखरूप घरी परतण्याचे भाग्य सहसा त्यालाच लाभते, जो निघण्यापूर्वी विचार करतो आणि वाटेत विचारण्यास लाजत नाही.

स्वाध्याय

१. फिट्झजेराल्ड यांच्या तुकडीच्या हातून कोणत्या चुका घडल्या?
२. डेम्प्स्टर महामार्ग खडीच्या जाड थरावरून का नेला आहे?
३. ‘उणीव धैर्याची नव्हती, उणीव पूर्वतयारीची होती.’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. तुमच्या गावाजवळील डोंगरावर सहल न्यावयाची आहे. त्यासाठी कोणकोणत्या गोष्टींचा विचार कराल, ते दहा ओळींत लिहा.