रात्रीचं प्रेशर कुणी बघितलं?

"मावशी, टेन्शन घेऊ नका, प्रेशर ठीक आहे." दोन वर्षं हेच ऐकलं. गोळी घेऊन दोन तासांनी मोजलेलं प्रेशर ठीकच येणार! पहाटे डोकं जड होतं, रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, असं सांगितलं की मान वर न करताच उत्तर, "वय झालं."

मग रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी तपासणी केली, ती आली १४. हृदयाला धोका म्हणून घाबरवलं. हिरडी सुजून गाल टम्म झाला होता, तो कुणाला दिसला नाही. महिन्याने हिरडी बरी झाल्यावर पुन्हा केली, तर ४.

शेवटी मुलीने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, रात्री प्रेशर उतरत नाही अशांच्या रक्तात सूज पुष्कळदा जास्त सापडते, पण सीआरपीवरून तुमची रात्र कळणार नाही. ती मोजावीच लागेल. दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधलं. वर्सोव्याहून मढला येताना फेरीबोटीत पट्टा फुगला, तशी मासळीची पाटी खाली ठेवून हात सैल सोडून उभी राहिले. रात्री दर अर्ध्या तासाने दंड आवळायचा.

रिपोर्टवर त्यांनी बोट ठेवलं. दिवसाची सरासरी १२८/८०, रात्रीची १३६/८४. झोपेत १० ते २० टक्के उतरायला हवं, माझं चढत होतं! दोन वर्षं मी खोटं बोलत नव्हते.

तेव्हा बायांनो, ताप, दातदुखी, जखम असताना सीआरपी करू नका. १० च्या वर आली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. मशीन लावाल तेव्हा झोपल्या-उठल्याची वेळ लिहून ठेवा, नाहीतर दिवस-रात्रीचा हिशेब चुकतो. रात्रीची सरासरी १२०/७० च्या आत हवी. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे आपली खारवलेली मासळी बेतानेच. चालत राहा. गोळीची वेळ मनाने बदलू नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेल्या टाइम अभ्यासात (२०२२) सकाळी घ्या की संध्याकाळी, हृदयविकार-पक्षाघातात फरक दिसला नाही.

आणि घोरता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. माझा श्वास झोपेत अडकत होता, झोपेच्या तपासणीत निघालं. नवरा वर्षानुवर्षं घोरण्यावरून ओरडत होता.

जुन्या दवाखान्यात मुद्दाम रिपोर्ट दाखवायला गेले. "पट्टा सैल बसला असेल," म्हणाले. फाईल उचलली आणि निघाले.