मुरघास गरम लागतो म्हणून

चि. बाळास,

ताईचा काल फोन आला. मुरघासाची बॅग फोडून पंधरवडा झाला, सकाळी हात घातला की आत गरम लागतं आणि तू म्हणतोस, गरम आहे म्हणजे चांगला मुरतोय. अरे, मुरणं बॅग फोडायच्या आधीच संपलेलं असतं. हवाबंद असताना जिवाणू मक्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू 4 च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. हवा लागली की निपचित पडलेलं यीस्ट जागं होतं नि तेच आम्ल खातं. आम्ल सरलं की बुरशीला रान मोकळं. हाताला लागते ती ऊब म्हणजे उद्याचं दूध आज जळतंय. पांढरी बुरशी दिसायची वाट पाहू नकोस. आंबूस वास मंदावला आणि चारा बाहेरच्या हवेपेक्षा ऊन लागला, की बिघाड सुरू झाला समज.

ढोरं खातात ना, असं तू म्हणशील. खातात, पण मन लावून नाही, आणि कसही गेलेला असतो. शिवाय बुरशीचं अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून दुधात उतरतं. कायद्यानं दुधात त्याला किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमचीच मुभा आहे. बॅग भरताना तू जिवाणूंचं कल्चर टाकलं होतंस, हेही खरं. पण लॅक्टिकचं अ‍ॅसेटिक आम्ल करून यीस्टला रोखणारं बुकनेरी जातीचं कल्चर असलं, तरी त्याला दीड-दोन महिने लागतात. तू तीन आठवड्यांत बॅग फोडलीस. आणि कोणतंही कल्चर हिशेबापुढं हरतं. दोन गाई, रोज 15 किलोप्रमाणे 30 किलो. टनाची बॅग महिनाभर उघडी राहणार. तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तिथं हे कसं निभावणार? मोठ्या खड्ड्यातल्या मुरघासाचासुद्धा उन्हाळ्यात रोज साधारण फूटभर थर काढावा लागतो. छोट्या बॅगा भरायच्या तर प्लास्टिकचा खर्च जास्त, उंदरांचा ताप वेगळा, हे मान्य. मग शेजारच्या गोठ्याशी भागी कर. एक बॅग दोघांत, मग दुसरी.

आता गरम झालेला थर काढून थेट उकिरड्यावर टाक, गाभण गाईला तर त्यातलं काडीभरही नको. खालचा गार, आंबूस चारा वरून सपाट काढत जा. मधे हात घालून उकरलं की पोकळीतून हवा खोल शिरते. काढून झालं की दाबून, हवा काढून तोंड आवळ, वर वजन ठेव. पुढच्या खेपेला दाण्यातली दुधाची रेघ निम्म्यावर आली की मका काप, कुट्टी बारीक कर आणि तुडवताना हात आखडू नकोस; सैल भरलेली बॅग फोडताच तापते.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. गावात राहून गोठा उभा केलास याचं ताईला कौतुक आहे, मलाही. तोंडावर बोलवत नाही एवढंच. ती ऊब तेवढी डोक्यातून जात नाही, म्हणून उद्या सकाळी हात घालून पाहिलंस की फोन कर. पुढच्या मक्याला बॅगा भरायला मलाही बोलाव, तुडवायला माणूस लागतोच. आणि दुपारचं जेवण गोठ्यात उभ्याउभ्या उरकत जाऊ नकोस.

तुझा,
मामा