वेन्या, अगोकोली आणि उलटी पावले

प्रश्न : घानातल्या एवे लोकांच्या मूळपुरुषाने, तोग्बुई वेन्याने, आपल्या माणसांना उलटे चालवत एका जुलमी राजाच्या कोटातून सोडवले, असे वाचले. हा वेन्या खरोखर होऊन गेला का? आणि उलटे चालत माणसे जाऊन जाऊन जाणार किती लांब?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा, म्हणून आधी तो. उलटे चालायचे होते ते फक्त कोटाबाहेर पडताना. सकाळी राजाच्या माणसांनी माग काढला, तर पावलांचे ठसे बाहेर गेलेले नव्हे, आत आलेले दिसावेत, एवढाच त्यातला कावा. पुढचा समुद्रापर्यंतचा प्रवास आपल्यासारखाच, सरळ पावलांनी.

आता मूळ कथा. आजच्या टोगो देशात, राजधानी लोमेच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर नोत्से नावाचे गाव आहे. तिथल्या अगोकोली राजाने मातीचा प्रचंड तट बांधायला घेतला आणि चिखलात काटे मिसळून तो लोकांकडून अनवाणी तुडवून घेतला, असे सांगतात. त्याने चिखलाचा दोर वळून आणायलाही फर्मावले. तेव्हा एका म्हाताऱ्याने लोकांना युक्ती सुचवली : राजाला म्हणा, आधीचा जुना दोर नमुन्याला दाखवा, तसाच वळून देतो. सुटकेचा बेतही असाच, घरगुती. बायकांनी रोजचे सांडपाणी तटाच्या एकाच जागी ओतायचे, म्हणजे भिंत तिथे भिजून मऊ होईल. ठरलेल्या रात्री ढोल घुमत राहिले, राजाला वाटले नाचगाणे चालू आहे. तेगली नावाच्या वृद्धाने तलवारीने मऊ भिंत फोडली आणि लोक निसटले. त्यांतले काही आतल्या डोंगराळ मुलखात गेले. वेन्याच्या मागून निघालेले दक्षिणेला, केटा खाजण आणि अटलांटिक यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर येऊन वसले. तेच आन्लो एवे.

वेन्याचा कोणताही समकालीन लेखी पुरावा नाही. इतिहासकार ही पांगापांग साधारण 17व्या शतकातली मानतात. नोत्से येथे मातीच्या तटाचे अवशेष आजही आहेत, म्हणजे गाव आणि तट कपोलकल्पित नाहीत. मात्र तट खरा ठरला म्हणून काट्यांचा चिखल किंवा उलटी पावले खरी ठरत नाहीत. पिढ्यानुपिढ्या तोंडी चालत आलेल्या कथेत अनेक लहानमोठी स्थलांतरे एका रात्रीत आणि अनेक म्होरके एका नावात गोळा होतात. वेन्याच्या बाबतीतही तसे झाले असणे शक्य आहे.

पण ही कथा आन्लो लोकांना कशासाठी लागते, हे पाहिले तर तिचा खरा अर्थ कळतो. ती त्यांचा सातबारा आहे : कोण आधी आले, कोणाचा हक्क कशावर, याची नोंद. वेन्या म्हातारा झाला तेव्हा त्याने अधिकार आपल्या भाच्याला, श्रीला, दिला. श्री आन्लोंचा पहिला आवोआमेफिया, म्हणजे सर्वोच्च राजा. म्हणून लाफे कुळ स्वतःला वेन्याचे वंशज म्हणवते, पण राजपद त्यांच्याकडे नाही. ते श्रीचे आद्झोविया कुळ आणि बाते कुळ यांच्यात आळीपाळीने फिरते. आन्लोंची एकूण कुळे पंधराच्या आसपास आहेत, आणि त्यांतले ब्लू कुळ बाहेरून येऊन मिसळलेल्यांचे आहे. सगळेच नोत्सेहून आले, असा दावा आन्लोंची स्वतःची कुळव्यवस्थाही करत नाही.

मग ही कथा सगळ्या एवेंची कशी झाली? ब्रेमेनचे जर्मन मिशनरी 1847 मध्ये एवे मुलखात आले. त्यांनी भाषेला लेखी रूप दिले, शाळा काढल्या, परंपरा टिपून घेतल्या. याकोब श्पीट यांचा एवे जमातींवरचा जाडजूड ग्रंथ 1906 मधला. वेगवेगळ्या गटांना ‘एक लोक’ म्हणून पाहणाऱ्या या मंडळींना एकच उगमस्थान सोयीचे होते. नोत्सेचे महत्त्व वाढवण्यात त्यांचा मोठा हात होता, असे इतिहासकार सँड्रा ग्रीन यांनी दाखवून दिले आहे. पुढे पहिल्या महायुद्धानंतर जर्मन टोगोची ब्रिटिश आणि फ्रेंच अशी वाटणी झाली आणि एवेंच्या मुलखातून सरहद्द गेली. 1947 मध्ये सिल्व्हानस ऑलिंपियो यांनी एवेंच्या एकीकरणाची मागणी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. अशा वेळी ‘आपण एकाच कोटातून निघालो’ या कथेला राजकीय वजन न येते तरच नवल. एकीकरण झाले नाही. 1956 च्या सार्वमतानंतर ब्रिटिश टोगोलँड गोल्ड कोस्टला जोडला गेला आणि 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला.

आन्लोगा येथे या सुटकेची आठवण म्हणून भरणारा होग्बेत्सोत्सो उत्सव पुरातन वाटतो, पण आजच्या रूपात तो 1962 पासूनचा. नोव्हेंबरचा पहिला शनिवार हा त्याचा मुख्य दिवस. त्याआधी आपसांतली भांडणे मिटवण्याचा विधी होतो, कारण पळून जाताना पूर्वज एकदिलाने वागले, अशी श्रद्धा आहे. मिसेगो नाचात नाचणारे मागे मागे पावले टाकतात.

गंमत म्हणजे नोत्सेच्या राजपदाला आजही अगोकोली हेच नाव आहे आणि तिथल्या अग्बोग्बोझा उत्सवाला घानातले एवेही जातात. तेव्हा वेन्या होता का, याचे प्रामाणिक उत्तर ‘असावा, पण कथेतला हुबेहूब नव्हे’ एवढेच देता येते. त्याच्या नावावर आन्लोंनी राज्य उभारले, राजपदाचे वाटे ठरवले आणि सरहद्दीपलीकडचे नाते टिकवले, याला मात्र भरपूर पुरावा आहे.