वृद्धांचे पडणे आणि ताटातील उणीव

घरातील वडीलधारे माणूस न्हाणीघरात पडले, की दोष ओल्या फरशीला दिला जातो. तो अगदीच खोटा नसतो. परंतु त्याच फरशीवरून घरातील इतर माणसे रोज ये-जा करतात. पाय घसरताच तोल सावरण्याचे काम मांडीचे व पोटरीचे स्नायू करतात आणि ते अपुऱ्या आहारामुळे झिजलेले असतील, तर सावरणे जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वाधिक असतो.

कुपोषण म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सातपुड्यातील बालके उभी राहतात. जळगाव-धुळ्याकडील भरल्या घरातील म्हातारे माणूसही कुपोषित असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही. चोपडा तालुक्यातील एका गावी अशाच एका आजीबाईंची भेट झाली. खुब्याचे हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आहाराविषयी विचारता म्हणाल्या, "भूकच लागत नही, भाऊ." दात गेलेले, भाजीचे तिखट सोसत नाही, म्हणून सकाळी चहात बुडवलेला टोस्ट, दुपारी पातळ रश्शात कुस्करलेली अर्धी भाकरी व रात्री एखादे केळे. घरात डाळ होती, दूधही होते. सून शेतावरून परतेपर्यंत ते वाढून देणारे मात्र कोणी नव्हते.

केळे मऊ व गोड खरे, पण त्यात प्रथिने नाममात्र असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; पन्नास किलो वजनास सुमारे ४२ ग्रॅम. वार्धक्यात याहून अधिक घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.) खानदेशी कळण्याची भाकरी या दृष्टीने मोठी गुणी. ज्वारीत जे प्रथिन-घटक कमी, ते उडीद भरून काढतो. तीच भाकरी कमी तिखटाच्या घट्ट वरणात कुस्करून दिली, तर बोळक्या तोंडालाही चालते. जोडीला दूध, दही, शेंगदाण्याचा कूट आणि चालत असल्यास अंडे.

माळकरी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळू शकते. तिने पायांची संवेदना बोथट होते व जमीन नीट जाणवत नाही. रक्त तपासून ती कळते व औषधाने भरून निघते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा आणखी एक धोका संभवतो. रात्री लघवीस उठावे लागू नये म्हणून वृद्ध पाणीच कमी पितात आणि पहाटे उठताना भोवळ येते.

परीक्षा घरीच करता येते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पायांतील शक्ती कमी झाली असे समजावे. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, लुगडे सैल झाले, तर वजन करून पाहावे.

काठी, वॉकर वा चष्मा यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकरकमी तीन हजार रुपयांची तरतूद करण्यात आली.

त्या आजीबाईंचे हाड पुढे जुळले, पण पडण्याची धास्ती गेली नाही. चालणे कमी, म्हणून भूक कमी, असे चक्र सुरू झाले होते. आता नात शाळेतून आली, की आधी वाटीभर वरण त्यांच्यापुढे ठेवते आणि मग हात धरून त्यांना ओट्यापर्यंत नेते.