राष्ट्रांची प्रतवारी आणि देवाची मोजणी

(शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गांसाठी व प्रौढांच्या अभ्यासासाठी)

शास्त्रपाठ : लूक २:१-७, मार्क १२:४१-४४, २ करिंथ ८:१-१५

उद्देश : जगातील लोक कोठे वसले आहेत व राष्ट्रांचे आर्थिक वर्ग कसे पाडतात हे समजून घेणे, आणि या वर्गांचा उपयोग कोठे संपतो हे पवित्र शास्त्राच्या प्रकाशात पाहणे.

१. शंभर चिंचोके

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. एवढी संख्या मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून शिक्षकांनी जमिनीवर खडूने जगाचा नकाशा काढावा आणि शंभर चिंचोके घ्यावेत. एक चिंचोका म्हणजे सुमारे ८ कोटी माणसे.

आता ते मांडा. आशियात ५९, आफ्रिकेत १८, युरोपात ९, दक्षिण व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे मिळून ८, उत्तर अमेरिकेत ५. उरलेला एक ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांचा; खरे तर तिकडे अर्धाच जाईल. आशियाच्या ५९ पैकी सुमारे १८ भारताचे व १७ चीनचे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले.

माणसे अशी का वसली? जेथे पाणी, गाळाची जमीन व सौम्य हवा तेथे शेती, आणि शेती तेथे वस्ती. गंगा, यांगत्से, नाईल या नद्यांच्या खोऱ्यांत दाटी आहे, तर सहारा, सैबेरिया व ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग ओसाड आहे. ऑस्ट्रेलिया क्षेत्रफळाने भारताच्या दुपटीहून मोठा. तरी तेथील वस्ती तीन कोटींहून कमी आहे.

२. गर्दी म्हणजे गरिबी नव्हे

येथे मुले बहुधा म्हणतील, "आपल्याकडे माणसे फार, म्हणून आपण गरीब." मोठ्यांच्या तोंडीही हेच वाक्य असते. ते तपासून पाहू या.

बांगलादेश महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान असून तेथे सुमारे १७ कोटी लोक राहतात. तेथे गरिबी आहे हे खरे. परंतु नेदरलँड्समध्ये जवळजवळ भारताइतकीच दाटी आहे, आणि तो श्रीमंत देशांत मोडतो. उलट आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताक विस्तीर्ण आहे, त्याची वस्ती विरळ आहे, भूमीत तांबे व कोबाल्ट आहे. तरी तो अत्यंत गरीब आहे. हा देश १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, आणि रबरासाठी तेथील लोकांवर भयंकर जुलूम झाले. पुढेही अनेक वर्षे युद्धाने त्याला पोखरले. तेव्हा गरिबीचे कारण केवळ डोकी मोजून सापडत नाही. भूमीतील धन कोणाच्या हाती गेले, शाळा-दवाखाने कोणासाठी उभे राहिले, राज्य न्यायाने चालले की नाही, हेही विचारावे लागते. गरिबाच्या घरी जन्मलेल्या लेकराला ओझे म्हणण्यापूर्वी ख्रिस्ती मनुष्याने एवढा विचार अवश्य करावा.

३. चार वाट्या

१९५२ साली आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लेखकाने 'तिसरे जग' हा शब्द वापरला. तेव्हा अमेरिकेचा गट, रशियाचा गट आणि या दोहोंबाहेरील देश अशी विभागणी होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि ती मांडणी कालबाह्य झाली. १९८० च्या ब्रांट अहवालाने श्रीमंत 'उत्तर' व गरीब 'दक्षिण' अशी रेघ ओढली. मात्र ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दक्षिणेस असूनही त्यांना उत्तरेत घ्यावे लागले!

आता जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून चार वर्ग पाडते व दरवर्षी १ जुलै रोजी यादी नवी करते. जुलै २०२४ च्या यादीत वर्षाला १,१४५ डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्नाचे देश 'निम्न', ४,५१५ पर्यंतचे 'निम्न-मध्यम', १४,००५ पर्यंतचे 'उच्च-मध्यम' आणि त्यावरचे 'उच्च' असे धरले होते. सुमारे अडीच हजार डॉलर उत्पन्नाचा भारत निम्न-मध्यम वर्गात होता, चीन उच्च-मध्यम वर्गात.

तेच शंभर चिंचोके आता चार वाट्यांत टाका. उच्च वाटीत सुमारे १७ आणि निम्न वाटीत ९ पडतील. बाकीचे सुमारे ७४ मधल्या दोन वाट्यांत जातील. म्हणजे मूठभर श्रीमंत आणि उरलेले सारे कंगाल, हे चित्र बरोबर नाही.

वाट्या कायमच्याही नसतात. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये अत्यल्प विकसित देशांची वेगळी यादी केली. तिच्यातून १९९४ मध्ये बोट्स्वाना सर्वांत प्रथम बाहेर पडला. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला.

४. सरासरीत कोण लपते?

समजा, एका मंडळीत दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांची मिळकत महिना १० हजार रुपये आणि एकाची २ लाख १० हजार. एकूण ३ लाख, म्हणजे सरासरी ३० हजार. कागदावर मंडळी सुखवस्तू दिसते. पण ३० हजार मिळवणारे कुटुंब तिच्यात एकही नाही.

देशाचेही तसेच आहे. गोव्याचे दरडोई उत्पन्न भारताच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक, तर बिहारचे निम्म्याहूनही कमी. म्हणून पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन आदींच्या साहाय्याने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक पुढे आणला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान व शिक्षण हेही मोजतात. ही मोठीच सुधारणा होय. तरीही तो निर्देशांक देशाचा असतो, माणसाचा नव्हे.

औगुस्त कैसराच्या नावनिशीतही योसेफ व मरीया ही हुकमाप्रमाणे प्रवासाला निघालेली एका मांडलिक प्रांतातील साधी माणसे होती. त्यांच्याकडे कोण आले आहे, हे त्या वहीतून कैसराला कळणे शक्य नव्हते. मंदिराच्या दानपात्राचा हिशेब करणाऱ्यालाही विधवेच्या दोन टोल्या दिसल्या नसत्या. प्रभूने मात्र किती टाकले एवढेच नव्हे, तर जवळ किती उरले हेही पाहिले.

५. देणारे कोण, घेणारे कोण?

राष्ट्रांची प्रतवारी करताना आपण नकळत माणसांचीही करतो : काही देश देणारे, काही घेणारे. पौलाने करिंथकरांपुढे मासेदोनियाच्या मंडळ्यांचा कित्ता ठेवला. त्या स्वतः दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमेतील पवित्र जनांसाठी देण्याची संधी त्यांनीच आग्रहाने मागून घेतली.

१९५३ मध्ये युद्ध थांबले तेव्हा दक्षिण कोरिया परदेशी मदतीवर जगत होता; २०१० मध्ये तो मदत देणाऱ्या राष्ट्रांच्या समितीत सामील झाला. आपल्याच देशातील मिझोरमचे उदाहरण याहून बोलके आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथील ख्रिस्ती बहिणी रोजचा भात शिजवताना मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूला काढतात. डोंगरातल्या त्या मुठींवर मिझो मंडळ्यांनी इतर राज्यांत सेवक पाठवले. त्यांनी आधी श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही.

म्हणून यादी अवश्य वाचावी. औषध, धान्य, कर्जमाफी कोठे आधी हवी हे तिच्यावरून कळते. पण यादीतील जागेवरून कोणाला तुच्छ लेखू नये, आणि "आम्ही गरीब देशातले, आम्ही काय देणार?" असेही म्हणू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. 'लोकसंख्या फार म्हणून गरिबी' या म्हणण्यात खरे किती व अपुरे किती?

२. आपल्या मंडळीची सरासरी काढली तर कोणते घर तिच्यात झाकले जाईल? त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो?

३. मुठीच्या तांदळासारखी कोणती सवय आपल्या घरी पुढील महिन्यापासून लावता येईल?

शिक्षकांस सूचना : पाठ संपल्यावर मुलांनी चिंचोके एकेक करून उचलावेत. एखादा हरवला तर सर्वांनी मिळून शोधावा आणि मगच लूक १५:३-७ वाचावे.