पायवाट राखणाऱ्यांची गरज

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेले नाशिकचे भाविक सातपूरवरूनच त्र्यंबकेश्वरला जातात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्याच रस्त्याला अंजनेरी डोंगर आणि हरिहर किल्ल्याकडे धावणाऱ्या दुचाकींची रीघ लागते. सातपूर एमआयडीसीलगतच्या पालकांना ही गर्दी म्हणजे निव्वळ ट्रॅफिकची कटकट. तिच्यात आपल्या मुलांसाठी कामही आहे, हे फारसं कुणी ध्यानात घेत नाही.

अंजनेरीचंच घ्या. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या दुर्मिळ वनस्पतीची शास्त्रात नोंद झाली ती 2006 मध्ये, याच डोंगराच्या नावानं. इथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. 2017 मध्ये या भागाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण वाटेवर काय होतं? मधोमध चिखल झाला की बूट वाचवायला माणसं कडेच्या गवतावरून चालतात. तुडवलं गेलेलं गवत मरतं, तिथंही चिखल होतो, आणि मागून येणारा आणखी कडेनं जातो. एका माणसापुरती वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी फाकते. वळण टाळून काढलेल्या आडवाटेत पावसाचं पाणी शिरलं की तिची घळ होते. वेफर्सची पाकिटं निदान गोळा तरी करता येतात, घळ तशी उचलता येत नाही!

हे थोपवायला वाट मोजावी लागते, येणाऱ्यांची गणती करावी लागते, दगड रचून पाणी बाजूला काढावं लागतं, काही वाटा काही महिने बंद ठेवाव्या लागतात. आणि गावाला विश्वासात घ्यावं लागतं. उदाहरणार्थ, कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवतात, शुल्क घेतात. वन विभागासोबत गावकऱ्यांची समिती व्यवस्था पाहते.

“ठीक आहे, पण नोकरी कुठं?” पालकांचा हा प्रश्न रास्तच आहे. या कामाच्या नावाची जाहिरात सहसा निघत नाही आणि कॅम्पसवर मोठं पॅकेज घेऊन कुणी येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वाटा मात्र आहेत. बारावीनंतर वनरक्षक भरती, पदवीनंतर एमपीएससीची वनसेवा. पर्यावरणशास्त्र किंवा भूगोलाला जीआयएसची (संगणकावरच्या नकाशांच्या तंत्राची) जोड दिली, तर सल्लागार कंपन्या आणि संस्थांमध्ये शिरकाव होतो. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेडही इथं उपयोगी पडतो. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा आहे. गर्दीचं आणि कचऱ्याचं नियोजन जवळून पाहण्याची एवढी मोठी संधी घराजवळ पुन्हा बारा वर्षांनीच येईल.

दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी घेता येते. तिचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो, त्यामुळे दहावीच्या निकालानंतर विज्ञान शाखेचा पर्याय सोडण्यापूर्वी मुलांशी एकदा या विषयावर जरूर बोला.